उदेपूरचें पाणी आणि आमची रसिकता

एखाद्या शहराला एकदां 'रम्य' हें विशेषण चिकटलें, कीं त्या शहराकडे पाहण्याचे श्रम आम्ही सोडून देतों. मग विशेषणच आमच्यासाठीं पाहतें, विशेषणच आमच्यासाठीं हर्षित होतें, आणि घरीं परतल्यावर तेंच विशेषण चार शब्दांच्या फरकानें आम्ही पुन्हां लिहून काढतों. हें भाग्य, अथवा दुर्भाग्य, उदेपूरच्या वाट्याला जितकें आलें तितकें आपल्या देशांतील क्वचितच दुसऱ्या शहराच्या वाट्याला आलें असेल. पिचोला तलाव, त्याच्या मध्यभागीं तरंगत असल्यासारखा दिसणारा शुभ्र महाल, काठावरचा भव्य राजवाडा, मागें अरवलीच्या रांगा आणि मावळतीचा प्रकाश, एवढी सामग्री हातीं आली म्हणजे प्रवासवर्णन लिहून झालेंच असें समजावें. 'पूर्वेकडील व्हेनिस' हा शब्दप्रयोग तर इतका रुळला आहे, कीं व्हेनिस ज्यांनीं नकाशावरही शोधलेलें नाहीं तेही तो निःशंकपणें वापरतात.

उदेपूर सुंदर नाहीं असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. तें सुंदर आहे, आणि ज्याला पिचोलाच्या काठीं उभें राहून कांहींच वाटत नाहीं त्याच्याशीं सौंदर्याविषयीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. तें सौंदर्य कोणत्या जातीचें आहे, आणि तें पाहण्यास ज्यांनीं आम्हांस शिकविलें त्या कवींनीं, चित्रकारांनीं, इतिहासकारांनीं व अलीकडे चित्रपटांनीं त्यांतलें काय दाखविलें व काय झांकलें, हें तपासून पाहण्याची वेळ आली आहे. एखाद्या ग्रंथाचें परीक्षण करतांना मूळ ग्रंथ आणि त्यावरील टीका असे दोन भाग आपण वेगळे ठेवतों. उदेपूरच्या बाबतींत टीकाच इतकी वाचली गेली आहे, कीं मूळ ग्रंथ तसाच राहून गेला.

मूळ ग्रंथाचें पहिलें पान म्हणजे बांध होय. व्हेनिसला पाणी समुद्रानें दिलें. उदेपूरला तें माणसांनीं अडवून ठेवावें लागलें. ज्या गिरव्याच्या खोऱ्यांत हें शहर वसलें आहे तेथें वर्षाकाठीं सरासरी ६० ते ६५ सेंटिमीटर पाऊस पडतो, म्हणजे मुंबईच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आणि तोही तीन महिन्यांत येऊन निघून जातो. पिचोला हें निसर्गाचें सरोवर नव्हे. चौदाव्या शतकांत, धान्याची वाहतूक करणाऱ्या एका वणजाऱ्यानें तेथें पहिला बांध घातला अशी परंपरा आहे. पुढें महाराणा उदयसिंह यानें १५५९ च्या सुमारास येथें नवी राजधानी वसविण्यास आरंभ केला, तेव्हां त्यानें तो बांध मजबूत केला, तलाव वाढविला आणि शहराच्या पूर्वेस उदयसागर नांवाचा दुसरा जलाशय बांधावयास घेतला. १५६८ सालीं अकबरानें चितोड घेतलें आणि डोंगरांच्या आडोशाला असलेली ही नवी राजधानी मेवाडाचा आधार झाली. शहराला तीन बाजूंनीं तट होता व चौथी बाजू पिचोलानें राखली होती. ज्या पाण्यांत आज आपण महालाचें प्रतिबिंब पाहतों, तें पाणी शहराची तहान भागविण्यासाठीं व शत्रूला थोपविण्यासाठीं सांठविलेलें होतें. पिचोला, स्वरूपसागर, फतेहसागर हीं पाणीं एकमेकांना जोडलेलीं आहेत. एक भरला कीं दुसऱ्यांत पाणी जातें आणि अखेर आयड नदीच्या वाटेनें तें पुढच्या जलाशयाकडे धांवतें. आम्हांस जें देखावा म्हणून दिसतें, तें वस्तुतः एक हिशेबानें चालणारें यंत्र आहे.

आतां या ग्रंथाच्या टीकाकारांकडे वळूं. त्यांतील पहिला टीकाकार शिळेवर लिहिणारा आहे. उदेपूरच्या उत्तरेस सुमारें ६५ किलोमीटरांवर राजसमंद नांवाचा विस्तीर्ण जलाशय आहे. महाराणा राजसिंह यानें दुष्काळाच्या दिवसांत १६६२ सालीं त्याचें काम सुरू केलें व तें १६७६ सालीं पुरें झालें. उपाशी रयतेला काम व अन्न मिळावें हा त्याचा एक हेतु होता. त्या बांधाच्या नऊचौकी नांवाच्या संगमरवरी घाटावर रणछोडभट्ट या तैलंग पंडितानें रचलेलें 'राजप्रशस्ति' हें २४ सर्गांचें संस्कृत महाकाव्य २५ शिलांवर कोरलेलें आहे. धरणाच्या अंगावरच धरणाचें महाकाव्य लिहिलेलें असावें, हा प्रकार आमच्या वाङ्मयांत विरळाच. काव्य या दृष्टीनें त्याची थोरवी फार वाढवून सांगण्याचें कारण नाहीं. तें आश्रित कवीचें काव्य आहे. वंशावळ, दानें, पराक्रम यांच्या वर्णनांत प्रशस्तीचे सारे ठराविक अलंकार आले आहेत, आणि ज्यांनीं दगड वाहिले त्यांना त्यांत नांव नाहीं. तरीही एका गोष्टीसाठीं आम्ही रणछोडभट्टाला मोठ्या मनानें गुण देतों. पाणी ही त्यानें शोभेची वस्तु मानली नाहीं. तें एक कृत्य आहे, कोणीतरी केलेलें व खर्च करून पुरें केलेलें, अशी त्याची दृष्टि आहे. पुढच्या रसिकांना ही दृष्टि राहिली नाहीं.

दुसरे टीकाकार म्हणजे मेवाडच्या दरबारचे चित्रकार. सतराव्या शतकांत साहिबदीनसारखे चित्रकार रामायणादि ग्रंथांचीं चित्रें काढीत होते. पण १७०० च्या सुमारास, दुसऱ्या अमरसिंहाच्या कारकीर्दीपासून, या कलेनें एक नवें वळण घेतलें. चित्रें आकारानें मोठीं झालीं आणि त्यांचा विषय प्रत्यक्ष उदेपूर झाला: तेथील महाल, बागा, तलाव, नावा, शिकार, गणगौरीची मिरवणूक, पहिल्या पावसाचे काळे ढग. एकाच चित्रांत महाराणा तीन-चार ठिकाणीं दिसतो, तलाव वरून पाहिल्यासारखा आणि त्यांतला महाल समोरून पाहिल्यासारखा असतो. कारण चित्रकाराला एका क्षणाचें दृश्य नको होतें, त्या स्थळीं घालविलेल्या साऱ्या दिवसाचा भाव हवा होता. दीप्ति खेरा यांनीं २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत या चित्रांचा असाच, स्थलभावाच्या दृष्टीनें, विचार केला आहे. आणि २०२२-२३ मध्यें वॉशिंग्टन येथें या चित्रांचें एक मोठें प्रदर्शनही भरलें होतें. अरसिक टीकाकारांनीं ज्याला दृष्टिक्रमाचें अज्ञान म्हटलें असतें, तें येथें जाणून केलेलें आहे.

पण येथें आम्हांस एक प्रश्न विचारलाच पाहिजे. तलावाच्या मध्यावरचा जगनिवास, म्हणजे आज जगभर ज्याचीं छायाचित्रें फिरतात तो महाल, दुसऱ्या जगत्सिंहानें १७४३ ते १७४६ या काळांत बांधिला. त्याच्या वास्तुप्रवेशाचा मोठा उत्सव झाला, चित्रें निघालीं, 'जगविलास' नांवाचें काव्यही रचलें गेलें. त्या साऱ्यांत भरलेला तलाव आहे, दीप आहेत, संगीत आहे. आणि याच काळांत मेवाडाच्या दक्षिणेकडून कोण येत होतें? आम्ही येत होतों.

मराठी वाचकाला ही गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आमच्या मनांतील मेवाड म्हणजे प्रतापसिंहाचा मेवाड, हळदीघाटीचा मेवाड. १६७४ सालीं शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळीं भोसल्यांचें कुळ ज्या सिसोदियांशीं जोडलें गेलें त्यांचा मेवाड. उदेपुरास जातांना आम्ही जणूं मोठ्या भावाच्या घरीं जातों. परंतु १७३४ सालीं हुरड्यास राजपूत राजांची जी परिषद भरली, ती मराठ्यांच्या स्वाऱ्यांना आळा घालण्यासाठींच होती आणि तिचा अध्यक्ष हाच दुसरा जगत्सिंह होता. १७३५ मध्यें बाजीरावाची मातोश्री राधाबाई उत्तरेच्या यात्रेला निघाली, तेव्हां उदेपुरांत तिचा मोठा सत्कार झाला. पुढच्या वर्षाच्या आरंभीं खुद्द बाजीराव तेथें गेला. महाराण्याच्या बरोबरीच्या आसनावर न बसतां तो खालच्या आसनावर बसला, अशी हकीकत सांगतात. विनय खराच, पण त्याबरोबर वार्षिक खंडणीचा करारही झाला. तेव्हां जगनिवास अद्याप बांधला गेलेला नव्हता. ज्या दरबारावर हें ओझें बसलें होतें, त्याच दरबारानें पुढच्या दहा वर्षांत पाण्यावर तो शुभ्र महाल उभारिला. चित्रांतील ती समृद्धि सुखवस्तु राज्याची नोंद नव्हे. ओसरत चाललेल्या वैभवाला रंगांनीं थांबवून धरण्याचा तो प्रयत्न आहे, आणि म्हणूनच तीं चित्रें आम्हांस निव्वळ खुशामतीपेक्षां वरच्या दर्जाचीं वाटतात.

पुढची हकीकत याहून कडू आहे. १७६९ सालीं महादजी शिंद्यानें उदेपुरास वेढा घातला. अमरचंद बडवा या मंत्र्यानें शहर नेटानें लढविलें. अखेर तह झाला तो टॉडच्या वृत्तांताप्रमाणें ६० लाखांहून अधिक रुपयांचा, आणि रोकड पुरी पडेना म्हणून नीमच-जावदसारखे प्रदेश गहाण पडले. पुढें शिंदे, होळकर व पेंढारी यांच्या येण्याजाण्यानें मेवाडची शेती उजाड झाली. १८१० सालीं राजकन्या कृष्णाकुमारीला विष घ्यावें लागलें, तें जयपूर व जोधपूर यांच्या भांडणांत. पण त्या भांडणांत शिंद्यांचें व अमीरखानाचें वजन होतेंच. आम्हीं इतिहासांत आपल्या घोडदौडीचीं अंतरें मोजलीं. त्या दौडीखालीं कोणाचें शेत गेलें हें मोजण्याचें काम मात्र परक्याच्या लेखणीवर सोडलें.

ती परक्याची लेखणी जेम्स टॉडची. १३ जानेवारी १८१८ रोजीं मेवाडानें कंपनीशीं तह केला आणि टॉड हा उदेपुरांत पहिला पोलिटिकल एजंट म्हणून आला. त्याचा राजस्थानचा इतिहास दोन खंडांत, १८२९ व १८३२ सालीं, प्रसिद्ध झाला. उदेपूरला 'रोमँटिक' करण्याचें श्रेय जर कोणा एका माणसास द्यावयाचें असेल तर तें यास. राजपुतांच्या जहागिरीच्या व्यवस्थेंत त्याला युरोपांतील मध्ययुग दिसलें. भाटांच्या कथांत त्याला आपल्याकडील शूर सरदारांचे पोवाडे ऐकूं आले. भग्न किल्ले व तलाव यांवर त्याचें मन जडलें. त्याचें प्रेम खोटें नव्हतें. पण तो साक्षीदारही होता आणि पक्षकारही होता, हें विसरतां येत नाहीं. मराठ्यांना त्यानें जितकें काळें रंगविलें, तितकें कंपनीचें आगमन आपोआप उजळ होत गेलें. त्याच्या ग्रंथाचा परिणाम मोठा झाला: मायकेल मधुसूदन दत्तांचें 'कृष्णकुमारी' नाटक १८६१ सालीं आलें, पुढें द्विजेंद्रलाल रायांनीं प्रतापसिंहावर व मेवाडच्या पतनावर नाटकें लिहिलीं, आणि तीं महाराष्ट्रापर्यंत पोंचलीं. आमचे लेखक या परंपरेंतून शौर्य, जोहार आणि चांदणें घेऊन आले. त्याच टॉडनें आमच्यावर केलेला आरोप मात्र त्यांनीं वाटेंत कोठेंतरी ठेवून दिला. आरोप खोडून काढावा, किंवा त्यांतील खरें तें मान्य करावें. पण आरोपाचीं पानें न उघडतां त्याच ग्रंथांतील चांदणें तेवढें उसनें घेणें हें रसिकतेचें लक्षण नव्हे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्य प्रवाशांची रीघ लागली. किप्लिंग १८८७ मध्यें येथें आला. फ्रेंच लेखक पियेर लोटी तर ऐन छप्पन्नाच्या दुष्काळाच्या सुमारास राजपुतान्यांतून फिरला, आणि त्याच्या प्रवासवर्णनांत तलावाकाठचें ऐश्वर्य व वाटेवरचे हाडांचे सांपळे शेजारीं शेजारीं आले आहेत. त्याची शैली अतिनाजूक आहे, परंतु दोन्ही गोष्टी एकाच प्रवासांत पाहण्याचें धैर्य त्याच्यापाशीं होतें.

नंतर हें काम चित्रपटांनीं हातीं घेतलें. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, १९६३ सालीं जगनिवासाचें हॉटेल झालें, आणि १९८३ च्या 'ऑक्टोपसी' या जेम्स बाँडच्या चित्रपटानें त्या महालाला सुंदर स्त्रियांचें गूढ बेट करून टाकलें. याच्या अगदीं उलट उदाहरण विजय आनंद यांच्या १९६५ च्या 'गाइड'चें. आर. के. नारायण यांच्या १९५८ सालच्या मूळ कादंबरींतील नायक मालगुडीचा आहे. चित्रपटानें त्याला उदेपूरचा वाटाड्या केलें. व्यापाराच्या दृष्टीनें हा बदल नेत्रसुखासाठीं केला असेल. पण त्यानें कथेला एक खोल अर्थ दिला. जो राजू पूर्वार्धांत प्रवाशांना सुंदर स्थळें दाखवितो, तोच उत्तरार्धांत कोरड्या गांवांत पावसासाठीं उपास करून मरतो. दृश्य दाखविणारा माणूस अखेर पाण्याचा ऋणी ठरतो. त्या चित्रपटाच्या गाण्यांची स्तुति पुष्कळांनीं केली. त्याच्या दोन अर्धांना जोडणारा हा धागा मात्र फारसा कोणी उकलला नाहीं.

आणि तो धागा कल्पित नाहीं, हें निसर्गानें दाखवून दिलें आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभींच्या अवर्षणांत पिचोला इतका आटला, कीं बेटावरच्या महालापर्यंत तळाच्या कोरड्या मातीवरून जातां येत होतें. त्या वर्षांत महाल तोच होता, त्याच्या कमानी त्याच होत्या, मावळतीचा प्रकाशही तोच होता. नव्हतें तें फक्त पाणी. आणि त्याबरोबर सारी रम्यता गेली. सौंदर्य महालांत होतें कीं बांधांत, या प्रश्नाचें याहून स्वच्छ उत्तर कोणत्या सौंदर्यशास्त्रानें द्यावें?

येथें कोणी म्हणेल, कीं हें सारें इतिहासाचें व पाटबंधाऱ्याचें ज्ञान झालें. रसास्वादाशीं याचा संबंध काय? फडके-खांडेकरांच्या काळापासून आमच्याकडे हा वाद चालत आला आहे: कला कलेसाठीं कीं जीवनासाठीं? आम्हांस उदेपुरापुरता तरी हा वाद निरर्थक वाटतो. तहानेसाठीं अडविलेलें पाणीच येथें शोभेचें पाणी झालें. दोन पाणीं वेगळीं काढून दाखवितां येत नाहींत. रसाला विभाव लागतो असें आमच्याच शास्त्रकारांनीं सांगितलें आहे. ज्याला टंचाई ठाऊक नाहीं त्याला भरलेल्या तलावाचा आनंद अर्धाच कळतो. उदेपूरच्या सामान्य नागरिकाला तो पुरा कळतो. पावसाळ्यांत तेथील वर्तमानपत्रें तलावाची पातळी फुटांत छापतात. सिसारमा नदी किती वाहते आहे याची चौकशी लोक एकमेकांकडे करतात. आणि फतेहसागर भरून वाहूं लागला, कीं सांडव्यावरची ती पाण्याची 'चादर' पाहण्यास सारें शहर लोटतें. तेथें कोणी व्हेनिसचें नांव काढीत नाहीं. त्यांचा आनंद आमच्या आनंदापेक्षां कमी काव्यमय आहे असें कोणी म्हणूं नये.

पिचोलाच्या पाण्यांत एक लहानसा चौथरा आहे, त्याला नटणीचा चबुतरा म्हणतात. दोरीवरून तलाव ओलांडून दाखविल्यास अर्धें राज्य देण्याचें वचन एका नटणीला महाराण्यानें दिलें; ती पार पोंचणार असें दिसतांच दरबारांतील कोणी दोर कापला व ती बुडाली, अशी दंतकथा आहे. इतिहास म्हणून तिचें मोल कांहीं असो. टीका म्हणून आम्ही तिला फार वरचें स्थान देतों. तलाव घातला तो एका वणजाऱ्यानें आणि त्यांत बुडाली ती एक नटणी, असें लोकपरंपरा सांगते. दोघेंही भटक्या जातींचीं, दोघांचेंही घर त्या काठावर नव्हतें. राजप्रशस्तींत ज्यांना जागा मिळाली नाहीं त्यांना लोकांनीं तलावाच्या आरंभीं आणि मध्यभागीं जागा दिली. आमच्याकडील लमाणांच्या तांड्यांत आजही जीं कुटुंबें आहेत, त्यांच्याच व्यवसायबंधूनें ज्या पाण्याचा पाया घातला तें पाणी पाहण्यास आम्ही पैसे खर्चून जातों. एवढी ओळख तरी आमच्या प्रवासवर्णनांत यावयास हरकत नाहीं.

२०२५ सालीं रामसर कराराखालीं पाणथळ जागांचें जतन करणारीं शहरें म्हणून भारतांतील पहिल्या दोन शहरांना मान्यता मिळाली. तीं दोन शहरें म्हणजे उदेपूर आणि इंदूर. एक महाराण्यांची राजधानी, दुसरी होळकरांची. ज्यांच्यामध्यें कधीं खंडणीचा हिशेब चालत असे, त्यांचीं नांवें आतां पाण्याच्या हिशेबांत एका ओळींत आलीं, याचें आम्हांस समाधान वाटतें. फतेहसागराच्या बेटावर १९७० नंतरच्या दशकांत सूर्याच्या अभ्यासासाठीं वेधशाळा उभी राहिली, तीही याच पाण्यामुळें. सभोंवार पाणी असलें म्हणजे तापलेल्या जमिनीवरची हवेची थरथर कमी होते व सूर्यबिंब अधिक स्थिर दिसतें. चारशें वर्षांपूर्वीं घातलेल्या पायंड्याचा असा उपयोग होईल हें कोणाच्या मनांतही आलें नसेल.

उदेपुरास अवश्य जावें, असेंच आम्ही वाचकांस सांगूं. शक्य तर पाऊस नुकताच सरला असतांना जावें, आणि नावेंत बसण्यापूर्वीं बांधावर जावें. एक दिवस राजसमंदच्या घाटासाठीं राखून ठेवावा. शिलांवरचीं अक्षरें वाचतां आलीं नाहींत तरी त्या कशासाठीं उभ्या केल्या हें कळेल. राजवाड्यांतील चित्रांपुढें थोडा वेळ अधिक उभें राहावें व त्यांतील ढगांकडे पाहावें. मग संध्याकाळीं पिचोलाच्या काठीं बसून जें वाटेल तें लिहावें. 'रम्य' हा शब्द वापरावासा वाटला तर तोही वापरावा. तो शब्द तेव्हां उसना असणार नाहीं.